ट्रकचा हौदा कोण झाडणार?

मालवाहतुकीत होणारं नुकसान कसं टाळावं, यावर व्यापारी बंधूंना उपयोगी पडेल असं काही लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी मला कळवलं. खाली एक ओळ होती : 'कृपया भाषण नको.' मला ओळखणारा माणूस दिसतो. मी सांगलीत एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बुकिंग क्लार्क आहे. माल ताब्यात घ्यायचा, नग मोजायचे, बिल्टी फाडायची, गाडी भरून द्यायची. उरल्या वेळात मी पत्रकं लिहितो. पेठेत माझी पत्रकं सगळ्यांना ठाऊक आहेत, कारण भडंगाच्या पुड्या त्यांतच बांधल्या जातात. तेव्हा भाषण करणार नाही, कबूल. राग गिळून लिहीन असं मात्र मी कुणाला कबूल केलेलं नाही.

उपयोगाचं आधी सांगून मोकळा होतो.

बिल्टी म्हणजे माल पोचवायला घेतल्याची पावती. ती हातात पडली की सगळे पुढून वाचतात. मागून वाचा. मागं मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की माल मालकाच्या जोखमीवर. इथं मालक म्हणजे ट्रकचा मालक असा तुमचा समज असेल तर तुमच्यासारखे सुखी तुम्हीच. मालक म्हणजे तुम्ही. गूळ भिजला तर तुमचा, हळद गळाली तर तुमची, आणि गाडी वेळेत पोचली तर मात्र कीर्ती आमच्या कंपनीची!

गूळ वास धरतो. आष्ट्याच्या एका व्यापाऱ्यानं पाव्हण्याची भीड पडली म्हणून गुळाच्या गाडीत कोपऱ्याला सुकटीच्या दोन पाट्या ठेवू दिल्या. गुजरातेत गाडी उघडली तर साऱ्या ढेपांना रत्नागिरी बंदराचा वास. पाव्हणा अजून म्हणतो, मी तर कोपऱ्यालाच ठेवल्या होत्या.

वाईच्या एका गृहस्थांनी बिऱ्हाड हलवताना प्रत्येक नगावर तांबड्या शाईनं 'काच! सांभाळून!!' लिहिलं होतं. लोखंडी खाटेवर, पाट्यावर, वरवंट्यावर, गाद्यांच्या वळकटीवरसुद्धा. हमालांनी वरवंटा दोन्ही हातांनी, तान्हं मूल उचलावं तसा उचलला, हसून घेतलं आणि त्यानंतर एकाही नगावरचं लिहिलेलं वाचलं नाही. खरा काचेचा नग एकच होता, आजोबांच्या तसबिरीचा. तो खाटेखाली गेला. सगळंच काच म्हटलं की काहीच काच राहत नाही.

आणि भरण्याचा नियम. जे शेवटी उतरायचं ते आधी भरा. ट्रक तोंडानं खातो आणि तोंडानंच ओकतो. तळाला गेलेलं सर्वांत शेवटी बाहेर येतं. हा नियम ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता ज्यासाठी लेखणी उचलली ते.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. आमच्या यार्डात तेव्हा सात-आठ बायका झाडायला येत. त्यांना कंपनी पगार देत नसे, आजही देत नाही. गाडी रिकामी झाली की त्यांनी हौद्यात चढायचं, म्हणजे ट्रकच्या ज्या भागात माल भरतात त्यात. फळ्यांच्या फटींत अडकलेलं, कोपऱ्यात सांडलेलं सगळं झाडून काढायचं आणि ते मातेरं त्यांनी न्यायचं. गव्हाच्या गाडीला गहू, हळदीच्या गाडीला हळकुंडाचे तुकडे, मिरचीच्या गाडीला मोडकी मिरची आणि बी. घरी नेऊन पाखडायचं, निवडायचं, निम्मं शिजवायचं, निम्मं गल्लीत विकायचं. हा रिवाज कुणी घातला, विचारू नका. पेठ बसली तेव्हापासूनचा असं हमाल सांगतात.

या बायकांची म्होरकी तायव्वा. दुष्काळात जत तालुक्यातून आलेली. निम्मं मराठी, निम्मं कन्नड आणि पूर्ण भांडण. कष्टाळू, गरीब, सोशिक असं तिचं चित्र मी माझ्या पहिल्या पत्रकात रंगवलं होतं. ते तिला वाचून दाखवल्यावर तिनं विचारलं, "ही कोण बाई म्हणं? हिला यार्डात कुणी घेतलं?" स्वच्छतेशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तिला मिरची पाहिजे होती. म्हणूनच ती फटीत लोखंडी सळई घालून एकेक बी उकरायची, आणि म्हणूनच आमच्या गाड्यांचे हौदे आरशासारखे असायचे. जी गोष्ट कंपनीला फुकट मिळत होती ती मिळते आहे याचाच कंपनीला पत्ता नव्हता.

मग ब्याडगीहून आलेल्या मिरचीला तूट आली. भरताना होतं त्यापेक्षा वजन कमी भरलं. यात नवल काय? मिरची मोडू नये म्हणून भरण्याआधी तिच्यावर पाणी मारतात. वाटेत पाणी वाळतं. पाण्याचं वजन उडून जातं. हे मिरची घेणाऱ्याला ठाऊक, विकणाऱ्याला ठाऊक, आमच्या मालकांनाही ठाऊक. पण वाऱ्याला दंड करता येत नाही. बायकांना करता येतो.

मालकांनी फाटकावरच्या राखणदाराला सांगितलं, "त्या बाया पोती फोडतात. उद्यापासून एकीलाही आत सोडायचं नाही."

मी रातोरात पत्रक काढलं. 'मातेऱ्यावर घाला!' दोन उद्गारचिन्हं होती, प्रेसवाल्यानं एक वाचवलं. दुसऱ्या दिवशी मालकांनी मला आत बोलावलं. टेबलावर माझं पत्रक. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं होतं, आणि याचाच मला आधी आनंद झाला.

"शुद्धलेखन चांगलं आहे," ते म्हणाले. "बिल्ट्यासुद्धा अशाच लिहीत जा, पुढारी."

"मालक, हौदे कोण झाडणार?"

"क्लीनर आहे ना?"

क्लीनर नावाचा इसम इंजिनात पाणी घालतो, टायर ठोकून बघतो, पुढची काच पुसतो आणि वळणावर हात बाहेर काढून ओरडतो. हौदा त्याच्या राज्यात येत नाही. हे मी सांगितलं. मालकांनी फोन उचलला आणि दुसऱ्याच कुणाशी बोलू लागले.

तायव्वा फाटकाबाहेर बसायला लागली. रोज. झाडू मांडीवर आडवा धरून. मी येता-जाता ती एवढंच म्हणायची, "काय पत्रकवाल्या, उघडलं का दार तुझ्या कागदानं?"

चैत्र आला. शिराळ्याच्या अलीकडच्या एका गावाची जत्रा तोंडावर आली होती. तिथले एक निवृत्त सुभेदार, त्यांचा गूळ आमच्याच गाड्यांतून जायचा. त्यांनी जत्रेत कुस्त्यांचं मोठं मैदान धरलं होतं. आखाड्याची माती म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. ती रानातली माती नव्हे. तांबडी माती चाळून घेतात, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून दिवसेंदिवस मुरवतात. पैलवान तिच्यात पडतो, घासतो, तोंडावर आपटतो, तेव्हा ती लोण्यासारखी पाहिजे. सुभेदारांनी खालचा थर बैलगाड्यांनी आणून मुरवून ठेवला होता. वरच्या थराला डोंगराकडची खास माती ट्रकनं आणायची होती. गाडी आमची ठरली, आणि आमच्या रिवाजाप्रमाणे तिला उशीर झाला. जत्रेच्या आदल्या दिवशी मिरची उतरवून एक गाडी मोकळी झाली, तीच तडक डोंगराकडं लावायचं ठरलं.

ड्रायव्हर मिरजेचा दस्तगीर. मी कुस्तीवेडा, म्हणून रजा टाकून त्याच्या शेजारी बसायला निघालो होतो. हौद्यात डोकावलो. एक पोतं वाटेत फुटलं होतं आणि हमालांच्या पायाखाली मिरचीचा चुरा होऊन फळ्यांत बसला होता.

"दस्तगीरभाई, ह्यो हौदा?"

"बायका कुठं हायत झाडाय? तुमच्या मालकानं हाकलल्यात न्हवं?" तो म्हणाला. "आन् मी काय ड्रायव्हरकी सोडून खराटा धरू?"

मी मालकांकडं गेलो. ते हसले. त्यांचं वाक्य मी शब्दशः देतो, कारण मालवाहतुकीतल्या चुकांचा कुणी संग्रह काढला तर पहिल्या पानावर हेच वाक्य छापावं :

"अहो, माती भरायची आहे. बासुंदी नव्हे. मातीला कसली घाण लागते?"

आणि खरं सांगतो, यार्डातले सगळे त्याला हसले. हमाल हसले, दस्तगीर हसला. मातीमुळं माल खराब झालेला आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. मालामुळं माती खराब होईल, हे कुणाच्या सात पिढ्यांत घडलं नव्हतं.

डोंगराकडं माती भरली. तांबडी माती, तांबडी मिरची. कुणाला काय दिसणार? गावात पोचलो ती जत्रेची सकाळ. पोरं फावडी घेऊन भराभर माती ओढू लागली. आणि आता तो नियम आठवा. आधी भरलं ते शेवटी उतरतं. गाडीचा तळ खरवडून काढलेली माती आखाड्यात सर्वांत वर पडली. सुभेदार हातात छडी घेऊन म्हणाले, "शाब्बास! एकदम फर्स्ट क्लास रंग हाय गड्या!"

रंग होताच.

दुपारी मैदान भरलं. हलगी कडाडली. लहानसहान कुस्त्या कडेला झाल्या, तोवर पुढं बसलेले म्हातारे शिंकायला लागले होते. गर्दीची धूळ म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग मोठी जोड सुटली. गावचा रामा पैलवान आणि कराडकडचा एक पाव्हणा. दोघांनी मातीला हात लावून कपाळाला लावला, ओंजळभर माती उचलून एकमेकांच्या मानेवर, छातीवर चोळली. खडाखडी झाली. घाम फुटला. आणि रामानं एकदम डोळा मिटला.

पाव्हण्यानं पट काढायला, म्हणजे पाय ओढायला, खाली वाकावं आणि तसाच थांबावं. रामानं डाव टाकायचा तर दोन्ही हातांनी डोळे चोळावेत. हाताला तीच माती!

"आरं, रडाय काय लागलायसा दोघं बी?" गर्दीतून आवाज आला. "सासरी निघालाय व्हय रं?"

मैदान खदाखदा हसलं. तेवढ्यात पाव्हण्यानं रामाला खाली घेतलं, रामाचं तोंड मातीत गेलं आणि तो असा ओरडला की हलगी थांबली. "मेलो! सुभेदारआबा, त्वांड पेटलं!"

सुभेदार आखाड्यात उतरले. चिमूटभर माती उचलून त्यांनी जिभेवर ठेवली. तोंड वाकडं झालं. सारा गाव त्यांच्याकडं बघतोय.

"तिखट हाय," ते म्हणाले. "माती तिखट हाय."

मग हसायला कुणी उरलं नाही. पैलवानांवर ताकाच्या घागरी ओतल्या. रामाचा डोळा लिंबाएवढा सुजला. त्या चैत्रात तो पुढच्या एकाही मैदानात उतरला नाही. मैदान मोडलं. जत्रेचं मैदान मोडणं म्हणजे काय, हे त्या मुलखातल्या माणसालाच कळेल. बाहेरगावचे लोक परत जाताना हसत काय बोलले, ते गाव अजून विसरलेलं नाही. दस्तगीरला पोरांनी केबिनमधून ओढून काढलं. मी मध्ये पडलो, मलाही दोन बसल्या. सुभेदारांनी छडी आपटून आम्हांला सोडवलं. "हाथ मत लगाओ! कंपनीला जाब इचारू. सकाळी सांगली."

सकाळी सुभेदार चार माणसं घेऊन यार्डात हजर. पण आमचे मालक त्यांच्याही आधी उठलेले. आम्ही रात्रीच गाडी घेऊन परतून सगळं सांगितलं होतं, आणि तोवर त्यांचं उत्तर तयार होतं.

"सुभेदारसाहेब, हे सरळ सूड आहे. मी त्या झाडूवाल्या बायांना हाकललं, त्यांनी गाडीत तिखट टाकलं. मी पोलिसांत देतोय. ती तायव्वा त्यांची म्होरकी."

खरं पाहता किती सोपं होतं! बाई गरीब, परगावची, भांडखोर, फाटकाबाहेर रोज बसलेली. तिच्या बाजूनं बोलणारा कोण, तर मी. आणि माझ्या पत्रकात 'याचा बदला घेतल्याशिवाय राहणार नाही' असं एक वाक्य होतंच. पत्रकात असं वाक्य असतंच. मालकांनी ते सुभेदारांना वाचून दाखवलं. तायव्वाला आत बोलावलं, हवालदारालाही निरोप गेला. पोलिसचौकीत एकदा नाव चढलं की सांगलीतल्या कुठल्याच यार्डात तिला पाऊल टाकता येणार नव्हतं, आणि जतला परत जावं तर तिथं अजून विहिरीला पाणी नव्हतं.

ती आत आली. बंदी झाल्यापासून पहिल्यांदाच.

"तू गाडीत मिरची टाकलीस?" सुभेदारांनी विचारलं.

"कवा?"

"परवा."

"किती?"

"आखाडा पेटंल एवढी."

तायव्वानं त्यांच्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. "यव्वा! आवं, माझ्याकडं एवढी मिरची असती, तर मी ती तुमच्या मातीत घातली असती व्हय? भाकरीसंगं खाल्ली न्हसती?"

सुभेदारांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते मालकांकडं वळले. "गाडी कुठाय?"

गाडी यार्डातच होती. दस्तगीरनं हौद्याचा मागचा फाळका पाडला. वरवर पाहता हौद्यात तांबडी माती चिकटलेली, बाकी काही नाही. मालक म्हणाले, "बघा. कुठं आहे मिरची? फुटलेल्या पोत्याची असती तर अजून दिसली असती."

"झाडून बघू," सुभेदार म्हणाले. "इन्स्पेक्शन म्हंजे इन्स्पेक्शन. बाई, चढ वर."

तायव्वा जागची हलली नाही. "मला बंदी हाय."

"मी सांगतोय न्हवं?"

"तुमी शिराळ्याकडचं. यार्ड मालकांचं. त्यांनी सांगू द्या."

सगळे मालकांकडं बघत राहिले. हमाल पोती टाकून गोळा झाले होते. मला ओरडावंसं वाटत होतं, घोषणा द्यावीशी वाटत होती. दस्तगीरनं माझा दंड धरून ठेवला होता. मालकांनी घड्याळाकडं पाहिलं, फाटकाकडं पाहिलं. शेवटी दातांतून म्हणाले, "झाड."

"कोण?"

"तायव्वा, झाड."

पदर खोचून ती वर चढली. एकेका फळीच्या फटीत सळई घालत गेली. माती निघाली, आणि मातीखालून मिरची निघाली. चुरा, देठं, बी, फळीला दाबून बसलेल्या अख्ख्या मिरच्यासुद्धा, पोत्याच्या फाटक्या सुतळीसकट. वरून टाकलेली मिरची फळीखाली जाऊन बसत नाही, हे तिथल्या कुणालाही सांगावं लागलं नाही. मिरचीचा खाट उठला, नाकात गेला. पहिली शिंक मालकांना आली. मग सुभेदारांना, मग साऱ्या यार्डाला. डोळे पुसत पुसत सुभेदार म्हणाले, "माझ्या रामाचा डोळा ह्या फटीत होता तर!"

तायव्वा भरलेलं सूप घेऊन खाली उतरली आणि पदराला बांधायला लागली.

"ते ठेव तिथं!" मालक खेकसले. "पुरावा आहे तो."

"पुरावा तुमी ठेवा," ती म्हणाली. "मिरची माझी."

हवालदार आला तेव्हा त्याला चहा पाजून परत पाठवण्यात आलं.

दुसऱ्या दिवसापासून बायका आत आल्या. मालकांनी चूक कबूल केली नाही. 'पुन्हा परवानगी देण्यात येत आहे' असं म्हणाले. परवानगी! मी त्याच आठवड्यात नवं पत्रक लिहायला घेतलं. हौदा झाडणं हे काम आहे, कामाला पगार पाहिजे, मातेरं ही भीक आहे. तायव्वाला वाचून दाखवलं. ती भडकली.

"भीक कुणाला म्हंतोस रं? पगार मालकाच्या हातातनं येतोय. आज दिला, उद्या म्हनंल न्हाई. मातेरं कुणाच्या हातातनं येत न्हाई, ते पडतंय. देव टाकतोय."

"देव नाही टाकत, तायव्वा. पोतं फाटकं असतं म्हणून पडतं."

"मग पोतं फाटकंच असू दे की! तुझं काय जातंय?"

ती ऐकेना. तिच्या सहीशिवाय, म्हणजे अंगठ्याशिवाय, पत्रक काढण्यात अर्थ नव्हता. मी ते खणात टाकलं. मालकांशी मी आजवर शेकड्यांनी वाद घातले, त्यांतल्या एकानंही माझी झोप उडवली नाही. तिच्याशी घातलेला हा वाद मात्र डोक्यातून जात नाही. तिचं म्हणणं चूक होतं, आणि माझ्याजवळ त्याला उत्तर नव्हतं.

उत्तर प्लॅस्टिकनं दिलं. आता खत प्लॅस्टिकच्या विणलेल्या पिशव्यांत येतं. साखरेच्या पोत्यांना आतून अस्तर आलं. मिरचीवालेसुद्धा दुहेरी बारदान वापरू लागले, आणि ते योग्यच आहे, नुकसान टळतं, व्यापारी बंधूंना मीही तोच सल्ला देईन. फक्त आता नेण्याजोगं काही सांडत नाही. बायका सात-आठच्या तीन झाल्या. ज्या गाडीत मातेरं नाही तिच्यात त्या चढत नाहीत, का चढावं? गेल्या महिन्यात खताची गाडी उतरवून तिच्यात तशीच हळदीच्या बेण्याची पोती भरली. फळ्यांत खताची भुकटी होती, ती बेण्याला जाळते म्हणून मी अडवलं, तर मालकांचे चिरंजीव म्हणाले, "खतानं बेणं वाढेलच की!" घराणं एकच आहे.

बेणं आता रानात आहे. उगवतं की नाही ते कळायचंय.

आणि परवा तायव्वा माझ्या टेबलाशी आली. झाडू तसाच काखेत. केस पांढरे झालेत, भांडण तेवढंच.

"ए पत्रकवाल्या. ते पगाराचं तुजं कागद हाय का रं आजून?"

"आहे."

"मग काढ." तिनं अंगठा पुढं केला. मी शाईची डबी उघडली. अंगठा उठवून झाल्यावर तो पदराला पुसत ती म्हणाली, "खरं एक सांगते. तुजं नुसतं भाषण कोण बी वाचत न्हाई. त्यात ती मिरचीची गोष्ट घाल."

घातली आहे, तायव्वा.